डिमेन्शियाची सुरुवात: सगळ्या घराने समुपदेशनाला कसं जावं

माझे सासरे, म्हणजे दादा, एसटीत होते. आधी कंडक्टर, नंतर वाहतूक नियंत्रक. सांगली स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना तोंडपाठ. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी पाहुणा निघाला की घड्याळाकडे न बघता सांगायचे, "पावणेआठची कोल्हापूर मिळेल, सावकाश जा." एका मे महिन्यात त्यांनी एकाच संध्याकाळी मला चार वेळा विचारलं, "पावणेआठची गेली का?" चौथ्या वेळी मी खेकसले. ते गप्प बसले आणि रात्रभर कोणाशी बोलले नाहीत.

शेजारी म्हणायचे, वय झालं. एक मावशी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसल्या. मोठ्या दिरांनी 'म्हातारचळ' हा शब्द वापरला आणि तो दादांनी ऐकला. निदान व्हायला पुढे आठ महिने गेले. त्यानंतर आम्ही समुपदेशकाकडे गेलो तेव्हा दादांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत चौघांनी पाऊण तास त्यांच्याबद्दल बोलून घेतलं. परतताना रिक्षात ते म्हणाले, "अगं, डेपोत चौकशी लागली तरी कंडक्टरचं म्हणणं लिहून घेतात."

त्यानंतर आम्ही समुपदेशक बदलला आणि पद्धतही. डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरण्याच्या आजाराच्या, पहिल्या वर्ष-दोन वर्षांत माणूस विसरतो, गोंधळतो, पण त्याला मत असतं आणि ते सांगताही येतं. पुढे तो काळ सरतो. म्हणून या टप्प्यावरच्या बैठकीत त्याची खुर्ची असलीच पाहिजे. हा लेख ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालं आहे किंवा व्हायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. सांभाळणाऱ्यांच्या एका गटात काही वर्षं बसते आहे, त्यातून जे कळलं ते लिहिते. आणि हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही: आपल्या देशात साठीच्या पुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे.

पायरी १: आधी निदान पक्कं करा

समुपदेशकाकडे जाण्याची घाई करू नका. विसरण्याची काही कारणं बरी होण्यासारखी असतात आणि ती तपासल्याशिवाय 'डिमेन्शिया' हा शिक्का मारून घेणं चूक. बी-१२ची कमतरता (शुद्ध शाकाहारी घरांत ही हमखास बघा), थायरॉइड कमी असणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नैराश्य, महिन्यापूर्वी डोक्याला लागलेला मार, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, आणि कानाला कमी ऐकू येणं. शेवटचं कारण हास्यास्पद वाटेल, पण ज्याला प्रश्नच नीट ऐकू गेला नाही तो उत्तर काय देणार?

न्यूरॉलॉजिस्ट, मनोविकारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, यांपैकी कोणाकडेही सुरुवात चालते. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभागही चालतो. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून घ्या असं आवर्जून सांगा, आणि शिक्षण किती झालं तेही सांगा. चौथी शिकलेल्या आजीला इंग्रजी धाटणीच्या चाचणीत कमी गुण पडले, तर त्यातून आजाराविषयी फारसं कळत नाही.

जाताना तीन गोष्टी न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (यादी नको, पिशवीच न्या), जुने रिपोर्ट, आणि घटनांची एक वही. 'फार विसरतात' असं लिहू नका. '१२ तारखेला बँकेतून पैसे काढले, १३ला पुन्हा काढायला गेले', 'नेहमीच्या किराणा दुकानातून परत येताना उलट्या दिशेला वळले', असं लिहा. ही वही डॉक्टरांच्या हातात आधीच चिठ्ठीसारखी द्या. माणसासमोर त्याच्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्यात तर तो पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढणार नाही.

पायरी २: त्यांना सांगायचं की नाही?

सांगायचं. माझं मत स्पष्ट आहे, पण ते सगळ्यांना पटेलच असं नाही. 'धसका घेतील' ही भीती खरी असते. तरी न सांगितल्याने काय होतं ते मी पाहिलंय: घरात कुजबुज सुरू होते, माणूस खोलीत आला की बोलणं थांबतं, आणि त्याला वाटतं की ही मंडळी माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवतायत. या आजारात संशय तसाही वाढतो. त्याला आपण खतपाणी का घालावं? शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

सांगण्याचं काम शक्यतो डॉक्टरांवर सोपवा, घरचं एक माणूस शेजारी असू द्या. एकदाच, थोडक्यात, त्यांच्या भाषेत. आमच्या डॉक्टरांनी दादांना सांगितलं, "काका, मेंदूचा एक आजार आहे, त्यात नव्या गोष्टी टिकत नाहीत. जुन्या बऱ्याच राहतात. आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही, पण गोळी आहे, आणि तुम्ही एकटे नाही." दादांनी एकच विचारलं: "किती दिवस?" "सांगता येत नाही, वर्षं असतात." ते 'बरं' म्हणाले आणि बाहेर येऊन चहा मागितला. आठवड्याने त्यांना निदान आठवत नव्हतं. पण आपल्याशी कोणी खोटं बोललं नाही, ही भावना मात्र टिकली असावी, कारण त्यानंतर ते गोळी घ्यायला कुरकुरले नाहीत.

'डिमेन्शिया' शब्द जड वाटत असेल तर 'विसरण्याचा आजार' म्हणा. 'म्हातारचळ', 'वेड', 'डोक्यावर परिणाम' हे शब्द घरातून बाद करा. मुलांनाही सांगा. सात वर्षांच्या नातीला 'आजोबांच्या मेंदूला बरं नाही, म्हणून ते तेच तेच विचारतात' एवढं पुरतं.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. निदानानंतरच्या महिन्यांत कधीकधी माणूस 'आता जगून काय करायचं' असं बोलतो. ते उडवून लावू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतून बोलता येतं.

पायरी ३: माणूस निवडा

'समुपदेशक' ही पाटी कोणीही लावतो. तुम्हाला हवाय तो शक्यतो चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका) किंवा मनोविकार विभागातला समाजकार्यकर्ता. नाव कळत नसेल तर निदान करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ पासून आहे, तिच्या शाखा मुंबई, पुणे, गोवा इथे आहेत आणि कुटुंबांचे गट त्यांच्याकडून कळतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

पहिल्या फोनवर एवढं विचारा:

डिमेन्शियाच्या कुटुंबांबरोबर काम केलंय का? आजारी व्यक्तीलाही बैठकीत बसवता का? (उत्तर 'त्यांना काय कळणार' असं आलं तर आभार मानून फोन ठेवा.) बाहेरगावच्या मुलांना व्हिडिओवर घेता येईल का? साधारण किती बैठका, फी किती, आणि मध्येच अडचण आली तर फोन चालेल का?

'तीन महिन्यांत स्मरणशक्ती परत आणून देतो' असं सांगणारा वैद्य असो, ॲप असो वा तेल असो, तिथून निघा. कोडी सोडवणं, भजनं म्हणणं, फिरणं हे चांगलंच आहे. त्याच्यासाठी पंचवीस हजारांचं पॅकेज लागत नाही.

समुपदेशनाने खरंच काही होतं का, असा प्रश्न आमच्या धाकट्या दिरांनी अमेरिकेतून विचारला होता. रास्त प्रश्न आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या ४०६ नवरा-बायकांबरोबर हे करून पाहिलं. चार महिन्यांत सहा बैठका, त्यातल्या दोन सांभाळणाऱ्या एकट्याच्या आणि चार बाकीच्या कुटुंबासकट, मग आधारगट आणि लागेल तेव्हा फोन. अशी मदत मिळालेल्यांनी जोडीदाराला संस्थेत ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने पुढे ढकलली, असं २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे त्या चार बैठकांत पेशंट नसे. पुढे त्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या जोडप्यांसाठी वेगळा क्रम बसवला, त्यात दोघंही समोरासमोर बसले.

पण मला जवळचं वाटतं ते गोव्याचं उदाहरण. तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांना घेऊन डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. घरी जाणारे सल्लागार तज्ज्ञ नव्हते. स्थानिक माणसं, प्रशिक्षण दिलेली, पंधरवड्यातून किमान एकदा घरी जाणारी, त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. म्हणजे तुमच्या तालुक्यात मोठा तज्ज्ञ नसला तरी हात टेकायचं कारण नाही. ऐकून घेणारं, माहिती असलेलं, पुन्हा पुन्हा येणारं माणूस हवं.

पायरी ४: पहिल्या बैठकीची तयारी

वेळ सकाळची घ्या. दिवेलागणीला या आजारात घालमेल वाढते. त्या वेळी डॉक्टरांकडे नेणं म्हणजे आपणच संकट ओढवणं. खाऊन निघा, लघवीला जाऊन निघा. चष्मा आणि कानाचं यंत्र (सेल तपासून) घ्या. आमचा पहिला अर्धा तास सेल संपल्यामुळे फुकट गेला.

कोण येणार? तीन-चार माणसं पुरेत: स्वतः ती व्यक्ती, जोडीदार, रोज सांभाळणारी व्यक्ती आणि निर्णयात वजन असलेलं एक भावंड. सगळा गोतावळा नको. लांब राहणारा मुलगा मात्र एकदा तरी हवा, कारण 'फोनवर तर बाबा अगदी नीट बोलतात, तुम्ही उगाच बाऊ करता' हे वाक्य त्याच्याकडूनच येतं. तो खोटं बोलत नसतो. पाच मिनिटांच्या फोनवर 'जेवलास का, पाऊस आहे का' एवढं निभावून नेता येतं. पाहुण्यांसमोरही जमतं. सांभाळणाऱ्याला मात्र उरलेले तेवीस तास पंचावन्न मिनिटं दिसतात. हे वाक्य तुम्ही म्हणालात तर भांडण होईल. समुपदेशकाकडून ते आलं की ऐकलं जातं. मला विचाराल तर फीचा अर्धा मोबदला इथेच वसूल होतो.

घरून निघताना दादांना काय सांगायचं यावर आमच्यात वाद झाला. शेवटी मी सांगितलं, "दादा, मला थकवा येतोय आणि चिडचिड होते. एका बाईंकडे जाऊन बोलायचंय, तुम्ही बरोबर या." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. ते लगेच शर्ट बदलायला गेले.

पायरी ५: आत काय होतं

नवख्यांना वाटतं की समुपदेशक उपदेश करेल. चांगला समुपदेशक फार थोडं बोलतो. आमच्या दुसऱ्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत एकच गोष्ट केली. दादांना काही विचारलं की सासूबाई उत्तर द्यायच्या. शब्द अडला की त्या भरायच्या. पन्नास वर्षांच्या संसाराची सवय. बाईंनी पाण्याचा पेला सासूबाईंपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही निवांत पाणी प्या, तोवर काकांचं ऐकू." मग थांबल्या. आम्हाला ती शांतता खायला उठली. बऱ्याच वेळाने दादा म्हणाले, "मला कळतं, मी चुकतो. पण चुकल्यावर ही सगळी माझ्याकडे बघतात, ते फार लागतं."

हे आम्हाला सांगायला त्यांना वर्षभरात कोणी सवडच दिली नव्हती.

साधारण क्रम असा असतो. पहिली बैठक सगळ्यांची, ओळखीची. मग सांभाळणाऱ्याची एकट्याची एक, कारण राग, किळस, पैशाची चिंता हे माणसासमोर बोलता येत नाही आणि बोलू नये. आजारी व्यक्तीचीही एकट्याची एक. त्यानंतर पुन्हा एकत्र. तुमच्याकडे चार बैठका होतील किंवा आठ, ते घरावर आहे.

आमच्या तिसऱ्या बैठकीत कार्डं आली. अमेरिकेत कॅरोल व्हिटलॅच आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या जोड्यांसाठी 'शेअर' नावाची पद्धत बसवली आहे, तिचा गाभा हाच: पुढे लागणारी मदत कोणाकडून घ्यायला आवडेल, हे त्या व्यक्तीलाच आता विचारून ठेवायचं. बाईंनी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर मोठ्या अक्षरांत एकेक काम लिहिलं होतं. औषधं. बँक. आंघोळ. दाढी. बाहेर फिरायला सोबत. देवळात नेणं. जेवण वाढणं. रात्रीची सोबत. दवाखाना. अशी चौदा. टेबलावर चार जागा: 'मी स्वतः', 'घरचे', 'बाहेरचा माणूस' आणि 'नंतर बघू'.

दादांनी कार्डं हातात घेतली, तिकिटांच्या पेटीत लावावीत तशी कडा जुळवून ओळीत लावली आणि मग एकेक टाकू लागले. बँक: घरचे, पण 'थोरल्याने एकट्याने नाही, दोघांनी मिळून'. थोरल्यांचा चेहरा पडला. दाढी: बाहेरचा, 'चौकातला न्हावी घरी येईल, मी सांगतो त्याला'. आंघोळ हातात आल्यावर ते थांबले. मग ते कार्ड बाहेरच्या माणसाच्या जागी ठेवून म्हणाले, "सुनांनी आंघोळ घालायची नाही. माणूस ठेवा." मोठे दीर म्हणाले, "दादा, लोक काय म्हणतील, घरात दोन सुना असून?" दादा म्हणाले, "लोक येणारेत का आंघोळ घालायला?"

दोन वर्षांनी खरोखर माणूस ठेवायची वेळ आली तेव्हा नातेवाइकांत चर्चा झालीच. पण घरात कोणाला अपराधी वाटलं नाही. दादांनीच सांगितलं होतं आणि चौघांसमोर सांगितलं होतं.

हे घरीही करता येतं, समुपदेशक नसला तरी. अक्षरं मोठी, कामं दहा-पंधराच्या वर नकोत. दमले की थांबा, उरलेली दुसऱ्या दिवशी. आणि ते चुकीच्या जागी टाकतायत असं वाटलं तरी कार्ड उचलून हलवू नका.

पायरी ६: कागदपत्रं, सही चालते तोवर

समुपदेशनात हे का, असं वाटेल. कारण भावंडांची अर्धी भांडणं भावनेच्या नावाखाली पैशाचीच असतात. समुपदेशक कायदा सांगणार नाही, पण विषय टेबलावर आणून देईल. पुढे वकील गाठा.

सगळ्यात मोठा गैरसमज कुलमुखत्यारपत्राचा. 'बाबांकडून पॉवर ऑफ ॲटर्नी करून घेतली, आता काळजी नाही' असं लोक निर्धास्तपणे सांगतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी. परदेशात असतो तसा क्षमता गेल्यावरही टिकणारा मुखत्यार आपल्याकडे नाही. मग उरतो उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग. तो आहे, पण लांबचा आणि खर्चाचा.

म्हणून आत्ताच: पेन्शनचं आणि बचतीचं खातं जोडीदाराबरोबर संयुक्त करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या अटीवर. सगळीकडे नामनिर्देशन तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात. त्याच सुमारास डॉक्टरांचं क्षमतेचं प्रमाणपत्र जोडलं आणि नोंदणी केली तर पुढे कोणी बोट दाखवायला जागा कमी राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, साध्या कागदावर लिहून सही करून नेमता येतो, त्याला वकीलही लागत नाही. लॉकरची किल्ली, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कोण बघणार, हे एका वहीत लिहा.

यूपीआयची मर्यादा कमी करा. 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री कापणार' असा फोन आला की घाबरून पैसे पाठवणाऱ्यांत सुरुवातीच्या टप्प्यातली माणसं असतात. हे करताना फोन हिसकावून घेऊ नका, त्यांच्यासमोर बसून करा. खिशात थोडे सुटे पैसे कायम राहू द्या. ज्याने आयुष्यभर रोकड मोजली त्याचा खिसा रिकामा करणं हा मोठा अपमान आहे.

स्कूटर हा वेगळा रडका विषय. आमच्याकडे तो डॉक्टरांनी लेखी सांगूनच सुटला. मुलाने सांगितलेलं वडील ऐकत नाहीत, चिठ्ठीवर लिहिलेलं ऐकतात.

पायरी ७: दोन बैठकांच्या मधले दिवस

इथे खरी परीक्षा. समुपदेशकाने सांगितलेलं एकावेळी एकच घरी करून बघा आणि पुढच्या वेळी काय झालं ते सांगा.

'ओळखा पाहू मी कोण?' हा खेळ बंद. नातेवाईक प्रेमाने येतात आणि दारातच परीक्षा घेतात. आम्ही येणाऱ्याला फाटकातच सांगायचो, 'आत जाऊन आधी नाव सांगा.' 'दादा, मी मिरजेचा भाचा, आलो भेटायला' म्हटलं की चेहरा खुलायचा.

तोच प्रश्न चौथ्यांदा आला तर उत्तर देण्याआधी त्यामागे काय आहे ते बघा. 'पावणेआठची गेली का?' याचा अर्थ आम्हाला चौथ्या बैठकीनंतर लागला. संध्याकाळ झाली की त्यांना ड्यूटी संपवून घरी जायचं असायचं. 'गेली' म्हटलं की ते आणखी घाबरायचे. 'अजून वेळ आहे, तोवर चहा घेऊ' म्हटलं की बसायचे. खोटं बोलायचं का, असं तुम्ही विचाराल. मी भावनेला उत्तर द्यायला शिकले एवढंच म्हणेन. काहींना ते पटत नाही, त्यांनी विषय हळूच बदलावा.

वस्तू हरवली की चोरीचा आळ कामवाल्या बाईंवर येतो. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगलं माणूस सोडून जातं. घरात वाद घालू नका, 'चला शोधू' म्हणा. चष्म्याच्या दोन जोड्या ठेवा. भिंतीवर कालनिर्णय असतंच, रोज सकाळी कालची तारीख त्यांच्या हातून खोडून घ्या.

वागण्यात एक-दोन दिवसांतच एकदम बिघाड झाला, रात्रभर बडबड, झापड, भास, तर तो आजार वाढला असं समजून बसू नका. बहुतेकदा लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, बद्धकोष्ठ किंवा नवी गोळी असते. त्याच दिवशी डॉक्टर. डोनेपेझिलसारखी या आजारावरची गोळी चालू असेल आणि चक्कर येत असेल तर नाडी मोजून कळवा.

पायरी ८: सांभाळणाऱ्याचा हिशोब

आपल्याकडे सांभाळणारी बहुधा बाई असते. बायको, सून, नोकरी सोडून आलेली लेक. तिच्या कामाला 'सेवा' म्हटलं की विषय संपतो, कारण सेवेला सुट्टी नसते आणि पगारही नसतो. मला तो शब्द नकोसा झाला. समुपदेशकाच्या टेबलावर एक कागद घ्या, आठवड्याचे सात रकाने पाडा, आणि सध्या कोण काय करतं ते खरंखरं भरा. आमच्या कागदावर माझं आणि सासूबाईंचं नाव सोडून जवळजवळ काही नव्हतं. कोणी कोणाला दोष दिला नाही, कागद मध्ये पडून होता. त्यावरून ठरलं: नणंद महिन्यातले चार दिवस कोल्हापूरहून येऊन राहील, मोठे दीर रविवारची सकाळ आणि सगळे दवाखाने बघतील, अमेरिकेतले दीर माणसाचा पगार देतील. जो वेळ देऊ शकत नाही त्याने पैसे द्यावेत, यात कमीपणा नाही.

झोप सलग लागत नसेल, हात उचलावासा वाटत असेल, आवडतं काहीच उरलं नसेल, तर तुम्हालाही डॉक्टर हवा आहे. हात उचलावासा वाटतो हे आमच्या गटात पहिल्यांदा एका निवृत्त मुख्याध्यापिकेने सांगितलं. त्या दिवसानंतर बाकीच्या बोलू लागल्या.

पायरी ९: पुढची तारीख

मालिका संपली म्हणजे काम संपलं असं नाही. घर बदलायचं असेल, जोडीदार आजारी पडला, पहिल्यांदा रस्ता चुकून माणूस सापडला, रात्रीची झोप गेली, माणूस ठेवायची वेळ आली, तर पुन्हा एक बैठक घ्या. दर वेळी ती कार्डं बरोबर न्या.

आमची कार्डं रबरबँड लावून दिवाणखान्याच्या कपाटात आहेत. 'नंतर बघू' या जागी दादांनी एकच कार्ड ठेवलं होतं: 'घरी सांभाळणं जमेनासं झालं तर'. बाईंनी आग्रह केला नाही, आम्हीही विषय टाळला. सगळ्यांना हायसंच वाटलं होतं. ते कार्ड पुन्हा काढलं तेव्हा सव्वादोन वर्षं उलटली होती. मी ते त्यांच्या हातात दिलं, त्यांनी कडा जुळवली आणि मला परत दिलं, सुटे पैसे द्यावेत तसं. तुमच्याकडे त्या जागी एकही कार्ड पडलं, तर उठण्याआधी त्याच्या मागे तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि कालनिर्णयावरही लाल पेनाने गोल करा.